कोरांटीचे वकीलपत्र

नाशिकमधल्या बहुतेक गृहनिर्माण सोसायट्यांत एक ठराव न मांडताच मंजूर झालेला असतो: इमारतीच्या मागे ऊन येत नाही, सबब तिथे पेव्हर ब्लॉक. एखाद्या सभासदाने फारच हट्ट धरला तर भिंतीला लागून अरेका पाम, क्रोटन आणि सिंगोनियमच्या कुंड्यांची रांग लागते. रो-हाऊसच्या दोन भिंतींमधली पट्टी, बंगल्याचे उत्तरेकडचे साइड मार्जिन, जुन्या आंब्याखालचा कोपरा, सगळ्यांना एकच निकाल. ‘सावलीत फुलझाड होत नाही, पानं लावा,’ असे माळी सांगतो, नर्सरीवाला सांगतो आणि हल्ली इंटिरियर करणाराही सांगतो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे तिघांपैकी कोणीही ऐकून घेतलेले नसते. ते मांडण्यासाठी मी कोरांटीचे वकीलपत्र घेतले आहे. तिची चुलत बहीण अबोलीही सोबत आहे.

समोरच्याची बाजू आधी मांडायची, आणि ती दुबळी न करता मांडायची, ही आपल्याकडची वादाची जुनी रीत. तर पूर्वपक्ष असा: गुलाब, मोगरा, जास्वंद, शेवंती, झेंडू ही आपली रोजची फुले. यातल्या प्रत्येकाला दिवसाकाठी निदान पाच-सहा तास ऊन लागते. ऊन कमी पडले की मोगरा नुसताच लांबत जातो, गुलाबावर भुरी येते, जास्वंदीला पानेच पाने सुटतात. हे घरोघरी पाहिलेले आहे, त्यासाठी पुस्तक उघडावे लागत नाही. शिवाय फूल धरायला झाडाजवळ साखरेची शिल्लक हवी, आणि साखर तयार होते उन्हात. म्हणजे शास्त्रही त्यांच्याच बाजूने.

यातले निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष मात्र खोटा आहे. ऊन मागणारी झाडे सावलीत लावायची आणि ती फुलली नाहीत म्हणून सावलीला नापीक ठरवायचे, असा हा न्याय आहे. नाशिकला गुलाबाचे वेड जुने. मोगलांच्या काळात या शहराचे नावच गुलशनाबाद होते, पेशवाईत ते पुन्हा नाशिक झाले. आणि दिंडोरी तालुक्यात जानोरी-मोहाडीकडच्या पॉलिहाउसमधून आजही गुलाब बाहेरगावी जातो. त्यामुळे फूल म्हणजे गुलाब ही मोजपट्टी आपल्या हाडीमांसी खिळली आहे. गुलाब उघड्या आभाळाखालचा. त्याच्या मोजपट्टीने बागेचा अंधारा कोपरा मोजला तर तो नापासच होणार.

आता आपल्याच डोंगरांत पाहू. त्र्यंबक, इगतपुरी, हरसूल या बाजूंच्या रानात वर साग, ऐन यांचे छत असते आणि त्याखाली, कंबरेइतक्या किंवा डोक्याइतक्या उंचीवर, झुडपांचा एक वेगळाच थर असतो. त्या थरात सह्याद्रीभर ज्या घराण्याची चलती आहे ते घराणे अडुळशाचे. अडुळसा, कारवी, कोरांटी, अबोली आणि त्यांची कितीतरी रानटी भावंडे त्याच घराण्यातली. यांच्या पूर्वजांनी हजारो पिढ्या मोठ्या झाडांच्या पायाशी, गाळून आलेल्या उजेडावर काढल्या आहेत. काही जाती रानाच्या काठावर आणि उघड्या माळावरही तितक्याच आनंदाने राहतात, कोरांटी त्यातलीच. पण अर्धी सावली हे तिच्यासाठी संकट नाही, ती तिची नेहमीची परिस्थिती आहे.

कोरांटी नाशिककराला परकी नाही. पंचवटीतल्या आणि जुन्या नाशिकातल्या वाड्यांच्या परसात पिवळी कोरांटी विहिरीच्या किंवा कुंपणाच्या कडेने असायचीच. तिलाच वज्रदंती म्हणतात. दंतमंजनाच्या डब्यावर हे नाव पुष्कळांनी वाचले असेल, झाड मात्र ओळखत नसतील. जांभळी आणि पांढरी कोरांटी ही दुसरी जात, तिला पिवळीसारखे पानांच्या बेचक्यातले लांब काटे नसतात. लिनियसने या दोन्ही जातींना १७५३मध्ये शास्त्रीय नावे दिली. आपल्याकडे मात्र तिची कीर्ती त्याहून फार जुनी आहे: मेघदूतात अलकानगरीतल्या स्त्रिया केसांत जे कुरबक माळतात ते म्हणजे कोरांटी, असे पुष्कळ जाणकार मानतात. सह्याद्रीत तर तिच्या अशाही जाती आहेत ज्या जगात इतरत्र सापडत नाहीत. त्यातल्या एकीला अलेक्झांडर गिब्सनचे नाव आहे. पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी वनस्पतीबाग सांभाळणारा आणि १८४७मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झालेला हा डॉक्टर. एवढी वंशावळ सांगण्याचे कारण एकच, की ‘कुंपणाचं झाड’ म्हणून तिला हिणवणाऱ्यांनी आधी तिची ओळख तरी करून घ्यावी.

पण ‘सावलीत कोरांटी लावा’ एवढे सांगून मी मोकळा झालो तर मीही माझ्या प्रतिपक्षाइतकाच बेजबाबदार ठरेन. सावली ही काही एक वस्तू नाही, आणि या वादातला खरा घोळ तिथेच आहे. नाशिक साधारण वीस अक्षांशांवर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो. नऊ मीटर उंचीच्या, म्हणजे तळमजला अधिक दोन मजल्यांच्या, इमारतीची सावली त्या वेळी उत्तरेकडे साडेआठ मीटर पडते. तीन मीटरचे मार्जिन त्यात कुठल्या कुठे बुडून जाते. सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत उत्तरेच्या भिंतीला थेट उन्हाचे दर्शन नाही. उलट मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेकडून उगवू लागतो आणि सकाळ-संध्याकाळ ती भिंत उजळते. २० मेच्या सुमारास नाशिकला शून्य सावलीचा दिवस येतो, आणि त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे ज्या मार्जिनला आपण कायमचे अंधारे समजतो, तिथे ऐन उन्हाळ्यात ऊन असते. फक्त ते बघायला त्या उन्हात मागच्या बाजूला कोणी जात नाही.

या हिशेबातून झाडांची वाटणी आपोआप होते. कोरांटी फुलते पावसाळा सरल्यावर, दिवाळीपासून मार्गशीर्ष-पौषापर्यंत. उत्तरेच्या भिंतीला नेमके तेव्हाच ऊन नाही, म्हणून तिथे कोरांटी लावली तर ती जगेल पण फुलांत हात आखडता घेईल. उत्तरेची ही बाजू अबोलीची. तिचा बहर उन्हाळ्यात चांगला, थंडीत थोडा मंदावतो, आणि नाशिकच्या मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हापासून आडोसा मिळाला तर तिची पाने करपत नाहीत. कोरांटीला पूर्वेची बाजू द्यावी, जिथे दहा वाजेपर्यंतचे कोवळे ऊन येते आणि मग दिवसभर इमारतीची सावली. पिवळी कोरांटी पश्चिमेचाही तडाखा सोसते. आणि दोन इमारतींच्या मधली ती फटीसारखी जागा, जिथे आभाळाचा तुकडाही दिसत नाही, तिथे ना कोरांटी फुलेल ना अबोली. तिथे पेव्हर ब्लॉक खुशाल बसवावेत. एवढी जागा मी प्रतिपक्षाला सोडून देतो.

झाडाखालची सावली हा निराळाच प्रकार. भिंत फक्त ऊन अडवते. आंबा ऊन अडवतो आणि पाणीही पितो. आंब्याखाली किंवा चिंचेखाली काही जगत नाही, अशी तक्रार ऐकू येते त्यात दोष सावलीपेक्षा मुळांच्या जाळ्याचा अधिक असतो. खोडाला खेटून खड्डा करू नये. फांद्यांच्या बाहेरच्या घेराजवळ लावावे आणि पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे. कडुनिंबाखाली तर गोष्ट आणखी सोपी, कारण तो शिशिरात पाने गाळतो आणि खाली उजेड सोडतो. ‘फांद्या उतरवा, ऊन येईल,’ हा उपाय सुचवणारेही असतातच. झाडाला हात लावण्याआधी त्यांनी १९७५चा महाराष्ट्राचा नागरी वृक्ष संरक्षण कायदा आठवावा. आणि उन्हाळ्यात त्याच आंब्याखाली गाडी लावायला जी धावपळ होते तीही आठवावी.

आता दुसऱ्या फळीकडे वळतो. हे माझ्याच बाजूचे लोक, म्हणून त्यांचे खंडन जास्त कडक करायला हवे. यांचे म्हणणे असे, की देशी झाड म्हणजे लावले आणि विसरले. त्याला खत नको, पाणी नको, कीड लागत नाही. आणि परदेशी तेवढे उपटून टाका. पैकी पहिला भाग भाबडा आहे. देशी म्हणजे कुठल्या देशी? नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इगतपुरीच्या घाटमाथ्यावर त्याच्या चौपटीच्या घरात. अंतर जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर. त्या घाटातली कारवी गंगापूर रोडच्या बंगल्यात आणून ‘देशी बाग’ म्हणून मिरवणे म्हणजे तिच्यावर सूड उगवणे आहे. शिवाय कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरून मरते. रानात डोंगरच्या डोंगर एकाच वेळी जांभळा होतो तेव्हा त्या प्रतीक्षेला अर्थ असतो. दहा बाय दहाच्या वाफ्यात सात वर्षे खरखरीत पाने बघत बसायची तयारी कितीजणांची आहे?

कीड लागत नाही हेही खरे नाही. अबोलीच्या मुळांना सूत्रकृमी लागतात आणि मर रोग येतो. फुलशेती करणाऱ्या कोणालाही विचारावे. त्यावरचा एक नामी उपाय म्हणजे वाफ्यात झेंडू लावणे, कारण झेंडूच्या मुळांतल्या द्रव्याने सूत्रकृमींची संख्या घटते. आणि झेंडू कुठला? मेक्सिकोचा. परदेशी तेवढे उपटा म्हणणाऱ्यांनी दसऱ्याचे तोरण कशाचे करणार हे आधी सांगावे. देवचाफा मध्य अमेरिकेकडचा, सदाफुली मादागास्करची, बोगनवेल ब्राझीलची. यांनी आपल्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या घालवल्या आहेत, त्यांच्याशी माझे भांडण नाही. उलट बाजूने पाहिले तर आपली हीच सोज्वळ पिवळी कोरांटी उत्तर ऑस्ट्रेलियात तण म्हणून बदनाम आहे. तिथले सरकार तिला उपटून काढण्यासाठी माणसे लावते. झाड आपल्या जागी असते तेव्हा त्याचे खाणारे, परागीकरण करणारे, आजारी पाडणारे असे सगळे भोवती असतात. जागा बदलली की हा हिशेब बिघडतो. घाणेरी हे त्याचे आपल्याकडचे उदाहरण. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेची शोभा म्हणून कलकत्त्याला आणलेली ही अमेरिकेची झुडुपे आज नाशिकच्या डोंगरउतारांवरही बसली आहेत.

म्हणून प्रश्न जन्मदाखल्याचा नाही, झाड आपल्या जागी काय काम करते याचा आहे. सावलीतल्या आपल्या ठरावीक कुंड्यांना हा प्रश्न विचारून बघा. मनी प्लँट ताहितीशेजारच्या मोओरेआ बेटावरचा, अरेका मादागास्करचा, स्नेक प्लँट पश्चिम आफ्रिकेचा, क्रोटन इंडोनेशियापासून पॅसिफिक बेटांपर्यंतचा, डिफेनबाखिया दक्षिण अमेरिकेचा आणि वर चावला तर जीभ सुजवणारा. नाशिकच्या एका साइड मार्जिनमध्ये एवढा जगाचा नकाशा मावतो, आणि त्यावर आपल्याकडचे एखादे फुलपाखरू अंडी घालायला आलेले क्वचितच दिसते. ही झाडे हवा शुद्ध करतात, असा एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. त्याचे मूळ नासाच्या १९८९च्या अहवालात आहे, आणि ते प्रयोग हवाबंद छोट्या पेट्यांत झाले होते. उघड्या मार्जिनशी त्यांचा काडीचा संबंध नाही. कोरांटीवर मात्र लेमन पॅन्सी फुलपाखराच्या अळ्या वाढतात, तिच्या लांब नळीतल्या मधासाठी भुंगे आणि शिंजीर येतात. पाने कुरतडलेली दिसतील. ज्यांना कुरतडलेले पान सहन होत नाही त्यांनी प्लास्टिकची झाडे घ्यावीत, ती सावलीतही टवटवीत राहतात.

तिसरा आक्षेप सौंदर्याचा. कोरांटीला वास नाही, ती रानटी दिसते, काटे आहेत. वास नाही हे मान्य. पण क्रोटनला कुठला वास आहे? अबोलीलाही नाही, तरी कोकण-गोव्यात अबोलीच्या वळेसरावाचून लग्नकार्य पुरे होत नाही. गाभाऱ्यातल्या पूजेपासून डोक्यातल्या वेणीपर्यंत कोरांटीने बिनवासाच्या भांडवलावर पुष्कळ मजल मारली आहे. रानटी दिसण्याचा आरोप अर्धा खरा आहे, आणि त्याला ती जबाबदार नाही. कोरांटी छाटली नाही तर दोन वर्षांत खालून काटकुळी आणि वरून झिपरी होते. सावलीत तर उजेडाकडे वाकत जाते. फुले संपली की माघ-फाल्गुनात ती गुडघ्याच्या उंचीवर निर्दयपणे छाटावी. उन्हाळ्यात नवे फुटवे येतात, पावसाळ्यात ते भरतात आणि दिवाळीत त्यांच्याच शेंड्यांवर फुले लागतात. भाद्रपदात, गणपतीच्या साफसफाईत, माळ्याने तिच्यावर कात्री चालवली तर त्या वर्षीची फुले गेली. कोरांटी फुलत नाही अशी तक्रार करणाऱ्या कित्येक घरांत सावली नव्हे, ही कात्री गुन्हेगार असते.

काट्यांबद्दल काय बोलणार? जिथे मोकाट कुत्री आणि शेळ्या शिरतात त्या कडेला पिवळी लावावी, जिथे मुले खेळतात तिथे जांभळी. झुडपांत साप येतात ही भीती मात्र प्रत्येक सोसायटीत निघते, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. साप येतो उंदरामागे, आणि उंदीर येतो उघड्या कचऱ्यामागे. कोरांटी खालून थोडी मोकळी ठेवली, बुंध्याशी फुटक्या फरशा आणि जुने पाइप रचून ठेवले नाहीत, तर ती पडक्या मीटररूमपेक्षा पुष्कळ निर्धोक आहे.

मातीचा प्रश्न खरा आहे. नाशिकची काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून बसते, आणि इमारतीच्या कडेला तर तिच्यात सिमेंटचा राडारोडा मिसळलेला असतो. दोन्ही झुडपांना पाण्यात उभे राहणे मानवत नाही. फूटभर खोदून राडारोडा काढावा, मातीत मुरूम आणि कुजलेला पालापाचोळा मिसळावा, वाफा वीतभर उंच करावा. आंब्याचा पाला जाळण्यापेक्षा इथेच पसरावा. सावलीत माती हळू सुकते, म्हणून उन्हातल्या बागेच्या वेळापत्रकाने पाणी घालणारा माळी झाड बुडवून मारतो. बोट घालून माती कोरडी लागली तरच पाणी. युरिया नको, त्याने पानेच माजतात. कोरांटीत दोन-अडीच फुटांचे अंतर, अबोलीत फूट-दीड फुटाचे.

रोप आणायचे कुठून, हा शेवटचा आणि सगळ्यांत अवघड आक्षेप. नर्सऱ्यांत अबोली मिळते, पण तीही बहुधा बिनबियांच्या लागवडी वाणाची. कोरांटी मागितली की दुकानदार गोंधळतो. म्हणून काही हौशी मंडळी रविवारी कुदळ घेऊन डोंगर गाठतात. हा मार्ग मी माझ्या अशिलाच्या वतीने स्पष्ट नाकारतो. अंजनेरीला २०१७मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर करावे लागले ते उगाच नाही. अंजनेरीच्याच नावाने ओळखली जाणारी कंदीलपुष्पाची दुर्मिळ जात तिथे जीव मुठीत धरून आहे, आणि कोरांटीसाठी घातलेली कुदळ शेजारचा कंद ओळखत नाही. त्याची गरजही नाही. कोरांटी काडीने लागते. पेन्सिलीच्या जाडीची, वीतभर लांबीची, अर्धवट पिकलेली काडी, दोन पेरे मातीत आणि दोन वर. मृग लागल्यावर लावली की पावसाच्या झडीत मुळे धरते. अबोलीची वाळलेली बोंडे पाण्याचा थेंब पडताच तटकन फुटून बी उडवतात. लहान मुले हा खेळ जिभेवर करतात, मोठ्यांनी तो वाफ्यावर करावा.

आणि इथेच नर्सरीच्या मौनाचे कारण सापडते. जे झाड शेजारच्या काकूंकडून काडी मागून फुकट मिळते, त्यात व्यापार नाही. सरकारी उत्साहालाही त्यात रस नाही. २०१६ ते २०१९ या काळात राज्याने वृक्षलागवडीच्या ज्या मोहिमा काढल्या, त्यांच्या आकडेवारीत दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी, तेहतीस कोटी असा चढता क्रम होता, आणि मोजले जात होते वृक्ष. रानातला तो कंबरेएवढा थर मोजणीत फारसा धरला गेला नाही, कारण कोरांटीशेजारी उभे राहून मंत्र्यांचा फोटो चांगला येत नाही. म्हणजे हे झाड ना बाजार आणून देणार, ना शासन. ते सोसायट्यांनीच एकमेकींना द्यायचे आहे.

त्यात एक तांत्रिक अडचण आहे, तीही सांगून ठेवतो. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि कोरांटी फुलते त्यानंतर महिन्याभराने. फुले दाखवून ठराव मंजूर करून घेण्याची सोय त्यामुळे नाही. तेव्हा काड्या जूनमध्येच लावून टाकाव्यात, आणि विषय पुढच्या वर्षीच्या सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली घ्यावा.